भुसा

मी मातीकाम शिकवते. पुण्यात माझा छोटासा स्टुडिओ आहे. शनिवार-रविवारी आयटीतली मंडळी तिथं येतात, चाकावर बसून वाकडे मग करतात आणि खूश होऊन घरी जातात. त्या वाकड्या मगांवर माझं भाडं निघतं. तीन वर्षांपूर्वी मोशीकडच्या एका बांधकामावर दर रविवारी दोन तास जायचं मी कबूल केलं. डोक्यातली कल्पना अगदी सरळ होती. लेबर कॅम्पातल्या बायका आणि शेजारच्या, आधीच ताबा मिळालेल्या इमारतींतल्या बायका एकत्र बसवायच्या. हात मातीत गेले की तोंडं आपोआप उघडतील.

दोन महिने उघडली नाहीत. सुरुवात सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये केली होती. गेटवर कॅम्पातल्या प्रत्येकीचं नाव वहीत, आधारचा नंबर वहीत, वर पिशवीत काय आहे ते दाखव. दोन रविवारांनंतर त्या यायच्याच बंद झाल्या. म्हणून आम्ही पाळणाघरात गेलो. (पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर बांधकामावर मुलांसाठी खोली हवी, असं तेव्हा 1996 चा कायदा सांगत होता. इथं ती होती, पत्र्याची का होईना.) तिथंही सोसायटीतल्या चौघी-पाचजणी एका भिंतीला आणि कॅम्पातल्या सात-आठजणी दुसऱ्या भिंतीला. ‘कितना अच्छा बनाती हो’ असं कौतुक व्हायचं, तेही असं ओरडून की समोरचीला कमी ऐकू येतं की काय. मी अहवालात मात्र ‘उत्तम प्रतिसाद’ लिहीत होते.

दिवाळीला तीन आठवडे होते. पणत्यांसाठी मी मळलेली माती नेली होती. कॅम्पातली एक बिहारातल्या सिवानकडची बाई, इथं बिगारी, नवरा सेंट्रिंगवर. तिनं माझ्या मातीला हातच लावला नाही. म्हणाली, मला चूल करायची आहे. छठसाठी. गावचं तिकीट वेटिंगलाच राहिलं होतं, त्यामुळं व्रत इथंच. खरनाच्या, म्हणजे छठच्या दुसऱ्या दिवसाच्या, संध्याकाळी गुळाची खीर मातीच्या चुलीवरच करायची, चूल दरवर्षी नवी, आणि तिची माती स्वच्छ. माझी माती म्हणजे सगळ्यांचे उरलेसुरले तुकडे बादलीत भिजवून पुन्हा मळलेली, त्यात मी पाटावर चहाचा कप ठेवलेला तिनं पाहिला होता. त्यामुळं प्रश्नच मिटला.

पायासाठी खणलेल्या मातीचा ढीग मागं पडला होता. तिनं तिथून वरची घाण बाजूला सारून घमेलंभर काळी माती आणली, चाळली आणि तासाभरात चूल उभी केली. घोड्याच्या नालेच्या आकाराची, वर भांडं टेकायला तीन उंचवटे. मी बघत राहिले. एकदाही मोजमाप नाही.

पुढच्या रविवारी गेले तर चुलीला तीन भेगा. एकीत माझं बोट गेलं असतं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. तिच्या गावाकडची गाळाची माती असला तमाशा करत नाही. तिचा हात चुकला नव्हता, माती परकी होती. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, शिकवणारी मी होते.

मी म्हटलं, पातळ माती भरून भेगा बुजवू, मग माझ्या भट्टीत साडेनऊशे अंशांवर भाजून देते, दगडासारखी होईल. तिनं माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघितलं. भंगलेली चूल पूजेला चालत नाही. आणि चूल कुणी भाजतं का? ती रोजच्या जाळानं आपली आपण भाजते.

आता त्या आजी. मूळच्या बार्शीकडच्या. यजमान गेल्यावर लेकानं अकराव्या मजल्यावर आणून ठेवलेल्या. सुनेबरोबर यायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, काही करायच्या नाहीत. हिंदी शून्य. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत खाली बसल्या, भेगेतून एक ढेकूळ मोडलं आणि बोटांत चुरलं.

‘‘काळी माती एकटी ऱ्हाती व्हय? भुसा कुठाय ह्यात?’’

वाक्यातलं बाकी काही त्या बाईला कळलं नसावं. भुसा कळला. ‘‘भूसा!’’ ती म्हणाली, आणि मग भोजपुरीत काहीतरी लांबलचक, सुरात तक्रार. पत्र्याच्या खोल्या आणि सिमेंटच्या गोण्या, इथं भुसा आणायचा कुठून? तिनं मूठभर लाकडाचा भुसा घालून पाहिलं होतं, तो प्लायचा निघाला, डिंकाचा वास आला म्हणून टाकून दिला. आजींनी सुनेला फर्मावलं: आपल्या दूधवाल्याच्या गोठ्यावर जा, गव्हाचं भुसकाट आण, पोतंभर. सून बिचारी स्कुटीवरून गेली. परत आली तेव्हा ड्रेसभर कुसळं.

नवी माती कालवायला घेतली तशी मी सवयीनं जवळ गेले.

‘‘दीदी, चप्पल.’’

दोन महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा काही करायला सांगितलं होतं. मी चप्पल काढली. माझं बघून सगळ्यांनीच काढल्या, बाहेरच्या पिंपावर हात धुतले, आणि दोन्ही भिंतींकडच्या बायका मध्ये येऊन माती तुडवायला लागल्या. भुसा किती, यावर आजींचा शब्द चालला. ‘‘अजून घाल. अजून.’’ मला तो फारच वाटत होता. मी गप्प बसले.

मग भांडण झालं. आजींना चुलीला वैल, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड, हवा होता. वैलाशिवाय चूल म्हणजे काय, आमटी कुठं ठेवायची? त्यांनी बाजूला बोटानं भोक पाडलं. तिनं बुजवलं. त्यांनी पुन्हा पाडलं. तिनं हसत हसत त्यांचं मनगट धरलं, ‘‘ना अम्मा, ना’’, आणि एक बोट वर केलं: एकच खीर, एकच भांडं. सून दोघींचं भाषांतर करायला गेली तर दोघीही तिच्यावर खेकसल्या. शेवटी वैल झाला नाही. आजी रुसून खुर्चीत जाऊन बसल्या, पण पाच मिनिटांत उठून ओल्या हातानं कडा गुळगुळीत करू लागल्या.

त्या दिवशी एकही पणती झाली नाही.

चूल सावलीत, ओल्या फडक्याखाली आठवडाभर सावकाश वाळली. केसाएवढी एक चीर गेली, ती तिनं ओल्या बोटानं मिटवली. खरनाच्या रात्री ती खिरीचा डबा घेऊन सोसायटीच्या गेटवर गेली. वॉचमननं अडवलं, अकराव्या मजल्यावर इंटरकॉम लावला. आजी स्वतः खाली आल्या, एकट्या लिफ्टनं, जे त्या कधी करत नाहीत. हे मला सुनेनं सांगितलं. गेटवरच उभ्यानं खाल्ली म्हणे. ‘‘वैल असता तर दूध अजून आटलं असतं,’’ हा अभिप्राय.

डिसेंबरात स्लॅबचं काम संपलं आणि ठेकेदारानं ती टोळी तळेगावच्या साइटवर हलवली. मला रविवारी गेल्यावर कळलं. माझी एक थापीही गेली, बहुधा त्यांच्याच सामानात.

संक्रांतीच्या आधी आजींचा फोन आला. यंदा सुगडं विकत नको, करूया, त्या बाईला बोलव. मी सांगितलं, ती गेली.

‘‘आन् चूल?’’

‘‘चूल इथंच आहे. कोपऱ्यात.’’

‘‘मग येतीय ती,’’ आजी म्हणाल्या, आणि सुगडाच्या मातीत भुसा घालायचा नसतो, हे मला समजावून सांगायला लागल्या. चूल दरवर्षी नवी लागते, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.