तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ड्यूकच्या प्रेमकथा कशाला वाचता?

लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, अगदी डेंटिस्टकडे नंबर लावून बसलेली असतानाही कोणीतरी मोबाइलमध्ये डोकावून हे विचारतंच, की अहो, तुम्ही बँकेत लोन सेक्शनला आयुष्य काढलेली बाई, तुम्ही हे इंग्लिश ड्यूक (म्हणजे तिथले सगळ्यात वरच्या दर्जाचे उमराव) आणि त्यांची लग्नं काय वाचत बसता, शेवट तर आधीच माहीत असतो. असतोच की. लग्न होणार. पण मी शेवटासाठी वाचतच नाही, मधल्या हिशोबासाठी वाचते.

म्हणजे बघा, यातल्या बहुतेक गोष्टी रीजन्सी काळातल्या, म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी म्हणून त्याचा मुलगा कारभार बघत होता ती 1811 ते 1820 ची वर्षं. तेव्हा लग्न झालं की बायकोचा रोख पैसा कायद्याने नवऱ्याचा. हे बदलायला 1870 आणि मग 1882 चा कायदा यावा लागला. घरदार-जमीन सहसा थोरल्याला, धाकट्यांनी सैन्यात नाहीतर चर्चमध्ये जायचं. म्हणून पैसेवाले लोक लग्नाआधी वकील बसवून करार करायचे, बाईला वर्षाचा हातखर्च किती, नवरा गेला तर किती, धाकट्या मुलांना किती. मला खरं सांगू का, बॉलरूममधल्या नजरानजरेपेक्षा हे वाचायला जास्त मजा येते. कर्तव्य की प्रेम असं म्हटलं की फार उदात्त वाटतं, पण त्या कर्तव्यात असतं काय तर गहाण पडलेली इस्टेट, लग्नाच्या तीन बहिणी आणि गळणारं छप्पर. ते आधी नीट दाखवलं असेल तरच पुढे हिरो श्रीमंत स्थळाला नाही म्हणतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आणि इथेच अर्ध्याअधिक कादंबऱ्या चीटिंग करतात. प्रेमासाठी सगळ्यावर पाणी सोडलं म्हणायचं आणि शेवटच्या प्रकरणात गरीब मुलगी वारसदार निघते, नाहीतर कुठलीतरी निपुत्रिक आत्या अगदी वेळेवर मरते. मग सोडलं काय? शिवाय राजघराण्याबाहेरचे ड्यूक तेव्हा तीससुद्धा नव्हते, त्यातले तरुण, देखणे आणि बिनलग्नाचे किती असतील तुम्हीच बघा, कादंबऱ्यांत मात्र गल्लोगल्ली.

त्यापेक्षा खरी गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये 1753 च्या कायद्यापासून एकविसाच्या आतल्या मुलामुलींना आईबापांच्या मनाविरुद्ध लग्न करणं फार अवघड झालं होतं, पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, तिथे साक्षीदारांसमोर दोघांनी हो म्हटलं की झालं. म्हणून पळून जाणारी जोडपी हद्द ओलांडली की लगेच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीनला जायची. 1782 मध्ये सारा चाइल्ड नावाची सतरा वर्षांची मुलगी तिथे पळून गेली, वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर (अर्ल म्हणजे ड्यूकपेक्षा खालच्या दर्जाचा उमराव). बाप रॉबर्ट चाइल्ड, लंडनचा बडा बँकर, एकुलती एक मुलगी. असं सांगतात की बाप घोडागाडी घेऊन मागे लागला आणि जावयाच्या माणसांनी त्याचा घोडाच गोळी घालून पाडला, खरं-खोटं देव जाणे. त्यानंतर बापाने जे केलं ते मात्र कागदावर आहे. मृत्युपत्र असं बदललं की पैसा वेस्टमोरलंडच्या गादीला मिळता कामा नये, आणि त्याच वर्षी गेला. म्हणजे अर्लला प्रेम मिळालं, बँक नाही! असा वार कादंबरीतल्या बापांना सुचत नाही, ते नुसते ओरडतात आणि शेवटी डोळे पुसत आशीर्वाद देतात.

तो पैसा गेला पळून गेलेल्या मुलीच्या थोरल्या मुलीकडे. तिचंही नाव सारा, 1804 मध्ये लग्न होऊन पुढे लेडी जर्सी झाली, चाइल्ड बँकेची मुख्य भागीदार, आणि बाई काही नावापुरती भागीदार नव्हती. हीच बाई लंडनच्या आल्मॅक्सच्या चालकबायांपैकी एक. आल्मॅक्स म्हणजे बुधवारचे नाच, आत जायला या बायकांनी दिलेला पास लागायचा, नुसता पैसा असून उपयोग नाही. खायला काय तर पातळ कापलेला ब्रेड-बटर आणि लेमोनेड (आपल्याकडे असं जेवण ठेवलं तर वरपक्ष मांडवातून उठून जाईल), तरी पास मिळाला नाही म्हणून लोक रडायचे. थोडक्यात, कोणाच्या मुलीला चांगलं स्थळ मिळणार यात जिचा शब्द चालायचा ती स्वतः एका पळून केलेल्या लग्नाची लेक.

आणि 1845 मध्ये या लेडी जर्सीची मुलगी अ‍ॅडेला एका कॅप्टनचा हात धरून पळाली. कुठे, तर ग्रेटना ग्रीनला! आता ही आई काय तोंडाने रागावली असेल, आजोबांचं मृत्युपत्र तिला आठवलं असेल का, मला तर तीच हिरॉइन वाटते, साठीची, बँक चालवणारी. तिच्या बाजूने लिहिलेली कादंबरी कोणी वाचली असेल तर मला नाव सांगा, आजच मागवते.