नाकपुडीच्या आतली सुजलेली त्वचा

मागे एकदा सर्दी ओसरल्यानंतरही माझी उजवी नाकपुडी दहा-बारा दिवस हुळहुळत राहिली. नाकाच्या शेंड्याला रुमाल लागला तरी डोळ्यांत पाणी येई. रोज सकाळी आत पिवळसर खपली धरलेली असे. ती मी नखाने काढी, थोडे रक्त येई आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी आधीपेक्षा जाड खपली तयार होई. सर्दीचाच हा राहिलेला भाग आहे असे मी धरून चाललो होतो, पण ते खरे नव्हते.

नाकपुडीच्या तोंडाशी असलेला एक-दीड सेंटिमीटरचा भाग आतल्या ओलसर अस्तराचा नसतो. तिथे चेहऱ्यावर असते तशीच त्वचा असते आणि तिच्यात केसांची मुळे, तैलग्रंथी व घर्मग्रंथी असतात. या भागाला व्हेस्टिब्यूल म्हणतात, म्हणून त्याच्या दाहाला नेझल व्हेस्टिब्युलायटिस हे नाव आहे. बहुतेक वेळा त्यामागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो. साधारणपणे दर तीन-चार निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहत असतो, त्यामुळे संसर्ग बाहेरूनच यावा लागतो असे नाही. त्वचेला बारीकशी चीर पडली, तर तेवढे त्याला पुरते. ही चीर बहुधा आपणच पाडतो. नाकात बोट घालणे, केस चिमट्याने उपटणे, सर्दीत नाक पुन्हापुन्हा जोराने शिंकरणे ही नेहमीची कारणे आहेत. नाक टोचणे, ऑक्सिजनची नळी, नाकात फवारायची स्टेरॉइडची औषधे आणि कर्करोगावरची काही औषधे यांमुळेही तिथली त्वचा दुखावते किंवा कोरडी पडते.

सुरुवातीला नाकपुडीच्या कडेला लाली, खाज आणि खपल्या एवढेच दिसते. संसर्ग केसाच्या मुळाशी उतरला की केसतोड होतो आणि ठणका लागतो. तो आणखी खोल गेला की गळू होते आणि नाकाचा शेंडा लाल होऊन सुजतो. अशा वेळी ते दाबून फोडण्याचा मोह होतो, पण कृपा करून तसे करू नये. नाक व वरचा ओठ यांच्याभोवतालच्या शिरांचा डोळ्यांमागून मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस या अशुद्ध रक्ताच्या पोकळीशी संबंध असल्याने संसर्ग क्वचित तिथवर पोहोचतो आणि तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते. ताप, तीव्र डोकेदुखी, पापणी सुजणे, डोळा पुढे येणे किंवा एकाची दोन दिसणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून संसर्ग कुठवर गेला आहे ते पाहतात.

एरवी निदानाला यंत्रे लागत नाहीत. माझ्या डॉक्टरांनी अंगठ्याने नाकाचा शेंडा हलकेच वर उचलला, आत प्रकाश टाकला आणि आरशात मला दाखवले: एकाच केसाच्या बुंध्याशी मोहरीएवढी पुळी होती आणि तिच्याभोवती मी रोज उचकटत असलेल्या खपलीची ओली कड होती. खपली कितीदा काढता, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्रास वारंवार होत असेल किंवा औषधाने हटत नसेल, तर स्रावाचा नमुना जिवाणू-तपासणीसाठी पाठवतात आणि रक्तातील साखरही बघतात, कारण मधुमेहात असे संसर्ग पुन्हापुन्हा होतात. आधी चुणचुण होऊन मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला, तर नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूंचा विचार करावा लागतो. एकाच बाजूची जखम आठवडेच्या आठवडे भरून येत नसेल, तर मात्र तुकडा काढून तपासावा लागतो, कारण त्या जागी त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो.

माझ्या बाबतीत यांतले काहीच लागले नाही. गरम पाण्याच्या घडीचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मलम यांनी ठणका चार दिवसांत थांबला. शेवटची खपली मी काढली नाही. ती मलमाने मऊ होऊन आपोआप सुटली.