विहीणबाईंची लंडनची गाडी आणि आमची भाड्याची

लीड्सच्या विमानतळावर रेल्वे जात नाही. इंग्लंडमधला सगळ्यात उंचावरचा विमानतळ आहे हा, समुद्रसपाटीपासून २०८ मीटर, आणि आम्ही उतरलो तेव्हा वारा असा होता की छत्री उघडायची सोय नव्हती. शहरात जायचं तर बस, नाहीतर टॅक्सी. मुलाची ड्यूटी होती, तो घ्यायला येणार नव्हता. ह्यांनी नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं, गाडी भाड्याने घ्यायची. "स्टिअरिंग उजवीकडे, चालवायचं डावीकडून, आपलं लायसन्स वर्षभर चालतं. अडचण काय आहे?"

अडचण काउंटरवर होती. तिथल्या मुलाने आमचं डेबिट कार्ड हसतमुखाने परत केलं. क्रेडिट कार्डच हवं, तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं, आणि त्यावर अनामत अडकून राहणार. मग विम्याचं पुराण. विमा भाड्यात आहेच, पण ओरखडा आला तर पहिले हजारभर पौंड तुमचे. ते नको असतील तर रोजचे आणखी पैसे भरा. हा वरचा विमा घरबसल्या इंटरनेटवर वेगळा काढला तर खूप स्वस्त पडतो, हे आमच्या मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं आणि आम्ही काढलाही होता. तरी काउंटरवरचा मुलगा पुन्हा पुन्हा घाबरवत होता. हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी करारपत्राची प्रत्येक ओळ वाचली. मागे रांग वाढत गेली, पण एकाही इंग्रज माणसाने साधा उसासासुद्धा टाकला नाही. ऑटोमॅटिक गाडी बरीच महाग होती म्हणून गिअरवाली घेतली.

आमचा मुलगा लीड्सच्या हेडिंग्ली भागात राहतो. क्रिकेटवाल्यांना हे नाव सांगायला नको. १९८६ साली वेंगसरकरांनी इथे ६१ आणि नाबाद १०२ केल्या आणि आपण कसोटी जिंकलो, हे मला विमानात, गाडीत आणि मैदानाच्या भिंतीशेजारी उभं राहून, असं सगळीकडे ऐकावं लागलं. घरासमोरच्या रस्त्यावर परमिट असल्याशिवाय गाडी लावता येत नाही, म्हणजे पाहुण्यांच्या परमिटची खटपट आलीच. समुद्रकाठच्या व्हिटबीला आणि हॉवर्थ गावाला जाऊन आलो. सुंदर आहे, गाडीशिवाय अवघड गेलं असतं, आणि वाऱ्याने माझा कान दुखला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या विहीणबाई पण तेव्हा लीड्सलाच होत्या, आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीने लंडनला पुतण्याकडे जायचं होतं. मुलगा-सून दोघंही कामावर. हे म्हणाले, "बसने कशाला? दारात गाडी आहे. चार किलोमीटर तर आहे स्टेशन." विहीणबाई संकोची. "कशाला त्रास भाऊ, मी जाईन की बसनं," असं त्या खरोखर म्हणाल्या होत्या, हे मी नोंदवून ठेवते.

वुडहाउस लेनवर, विद्यापीठाच्या अलीकडेच, गाड्यांची रांग लागलेली. शेजारच्या मार्गिकेतून बस सुळकन निघून जात होत्या. ती मार्गिका रिकामी दिसली तरी तिच्यात शिरायचं नाही, कॅमेरे असतात. शहरात पोचलो आणि गाडीतला नकाशा सांगायला लागला, सरळ जा. सरळ म्हणजे सिटी स्क्वेअर, स्टेशनच्या अगदी समोरचा चौक. हा चौक २०२२ पासून खासगी गाड्यांना बंद आहे. नकाशा बहुधा त्याच्या आधीचा होता. पाटीवर बस आणि सायकलीचं चित्र, आणि मागे उभी असलेली बस शांतपणे आमच्या निर्णयाची वाट बघतेय. हे डावीकडे वळले. ती गल्ली एकेरी. तिथून उजवीकडे जायचं नाही. हेड्रो नावाचा तिथला मोठा रस्ता, तोही बराचसा बससाठीच. नकाशातली बाई मात्र हटून बसलेली: सरळ जा. दर वळणावर स्टेशनचं छप्पर इमारतींच्या मधून दिसे आणि लगेच नाहीसं होई. विहीणबाई मागच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या. त्या सांगलीच्या, घड्याळाकडे बघणंही त्यांना असभ्य वाटत असणार. शेवटी त्याच म्हणाल्या, "भाऊ, इथंच थांबवा, आम्ही चालतो."

आम्ही दोघी बॅगा ओढत निघालो. पाच-सात मिनिटांत सिटी स्क्वेअर! मधोमध घोड्यावर ब्लॅक प्रिन्सचा पुतळा, १९०३ पासून तिथे उभा. चौदाव्या शतकातल्या ह्या राजपुत्राचा लीड्सशी खास संबंध नाही, पण त्याला चौकात येऊ देतात. गाडी मिळाली. खिडकीतून हात हलवताना विहीणबाई हसल्या, ते हसू मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

ह्यांना फोन केला. ते पार्किंग शोधत होते. "तू थांब, मी येतो." मी थांबले नाही. जवळच बस मिळाली, अडीच पौंडांचं तिकीट, वरच्या मजल्यावर पुढची सीट. उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला धन्यवाद म्हणून उतरत होता, मीही म्हटलं. घरी आले, चहा टाकला, दुसऱ्यांदा गरम केला, तेव्हा हे आले. एक शब्द बोलले नाहीत. हेडिंग्लीच्या १९८६ विषयीसुद्धा.

ह्या शहराचा मला राग आला तो इथे. गाडी घेतल्याशिवाय बाहेरच्या माणसाला जमू नये अशी व्यवस्था, आणि गाडी घेतली की आत यायचं नाही! सत्तरच्या दशकात लीड्स स्वतःला 'मोटरवेंचं शहर' म्हणवून घेत होतं, टपालाच्या शिक्क्यावर तसं छापत होतं. ट्राम त्यांनी १९५९ सालीच बंद केली. पुन्हा आणायची योजना २००५ मध्ये सरकारने खर्चाच्या कारणाने रद्द केली. मग ट्रॉलीबस आणू म्हणाले, ती हेडिंग्लीवरून, म्हणजे आम्ही अडकलो त्याच रस्त्याने जाणार होती. २०१६ मध्ये तिलाही नकार. मेट्रो किंवा ट्राम नसलेलं पश्चिम युरोपातलं सगळ्यात मोठं शहर म्हणून लीड्सचं नाव घेतात. मुलाने हे सगळं जेवताना सांगितलं तेव्हा मी हसायला लागले. आमच्या नाशिकला २०२१ च्या अर्थसंकल्पात मेट्रो निओ मिळाली होती, टायरवर चालणारी, वर विजेची तार. म्हणजे तीच की ट्रॉलीबस! गंगापूर रोडवर मी तिची अजून वाट बघते आहे. लीड्सकरांना निदान नाही म्हणून स्पष्ट कळवलं तरी.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसने गेले आणि पायी भटकले. खरं लीड्स पायीच बघायचं असतं. कर्कगेट मार्केटमध्ये १८८४ साली मायकेल मार्क्सने एका पेनीत वस्तू विकायचा ठेला लावला, त्याचं पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. एअर नदीवरच्या लीड्स ब्रिजवर मात्र मी बराच वेळ रेंगाळले. १८८८ च्या ऑक्टोबरात लुई ल प्रिन्स ह्या फ्रेंच माणसाने पुलाशेजारच्या इमारतीच्या खिडकीतून खालची रहदारी चित्रित केली. जगातल्या अगदी पहिल्या हलत्या चित्रांपैकी एक. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांचा चित्रपट पडद्यावर आला १९१३ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. १८९० मध्ये हा ल प्रिन्स दिजाँहून पॅरिसच्या रेल्वेत बसला आणि कायमचा बेपत्ता झाला. त्या इमारतीवर निळी पाटी आहे. मुलाने मोबाइलवर तो तुकडा दाखवला: घोडागाड्या, पायी माणसं, सगळे हवे तिकडून पूल ओलांडताहेत. हे चष्मा सारून दोनदा बघत बसले आणि म्हणाले, "बघ, कोणी अडवत नाहीये."

गाडी परत करताना टाकी काठोकाठ भरून दिली. तिथल्या माणसाने टॉर्च लावून चारही चाकांच्या रिम तपासल्या, ह्यांनी पहिल्याच दिवशी काढलेले फोटो एकेक करून त्याच्या नाकासमोर धरले, आणि तो कंटाळला. अनामत सुटायला पुढे बरेच दिवस गेले. मी म्हटलं, पुढच्या वेळी गाडी फक्त व्हिटबीच्या दिवसापुरती घेऊ.

हे म्हणाले, "ऑटोमॅटिक असेल तरच."