काळोखातली वीस मिनिटं

आचऱ्याजवळच्या एका वाडीतला तो मुलगा, वय आठ. डावा डोळा किंचित तिरळा, नंबर मायनस आठ. उजव्याचा मायनस पाच. डावा आळशी आहे, त्याला कामाला लावायचं, म्हणून उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला मीच सांगितलं होतं. वर्षभरात त्याच्या आईने एकही दिवस चुकवला नाही. पट्टी काढून काढून पोराचा गाल लाल झाला, पण डाव्याची नजर ६/२४ होती ती ६/२४ वरच राहिली, म्हणजे चांगल्या डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून. उजवाही चष्मा लावून ६/१२ च्या पुढे जात नव्हता. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. एकच डोळा आळशी असेल, तर दुसऱ्याने तरी नीट दिसायला नको का?

आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ईआरजी करायला सांगितली. प्रकाश पडला की डोळ्याच्या पडद्यात बारीकशी वीज निर्माण होते, ती टिपून तिची रेघ काढणारी ही चाचणी. आळशी डोळ्यात पडदा बहुधा धडधाकट असतो, अडतं ते मेंदूत. त्यामुळे ही रेघ साधारण नेहमीसारखीच येते. म्हणजे डोळा आळशी आहे हे ती थेट सांगत नाही. दोष पडद्यात तर नाही ना, हे मात्र सांगते, आणि नेमकं तेच आम्ही वर्षभर बघितलं नव्हतं.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि खोलीत पूर्ण काळोख केला. पडदा काळोखाला सरावायला वीस मिनिटं द्यावी लागतात. मग मंद लाल दिवा लावून खालच्या पापणीच्या कडेला केसासारखी बारीक तार बसवायला घेतली. एव्हाना मला खुर्ची, मशीनचा घुमट, आईच्या साडीचा काठ, सगळं दिसत होतं. मुलगा मात्र हात पुढे करून चाचपत होता. आई हातभर अंतरावर बसली होती. तिच्या बांगड्या वाजल्या तेव्हा कुठे त्याला तिचा हात सापडला.

"रातचो हो माजो पदर सोडणा नाय," ती म्हणाली. "ह्येचो मामा पण असोच. रातचो होडयेर जाणा नाय. सगळी तेका भित्रो म्हणतत."

वर्षभर ती दर महिन्याला माझ्यासमोर बसत होती. संध्याकाळनंतर पोर कसं वावरतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पहिला अगदी मंद झोत दिला. रेघ जवळजवळ सपाट. मग तेजस्वी झोत. रेघ छान खाली गेली, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशी काम करत होत्या. त्यानंतर ती उसळून वर यायला हवी, कारण पुढच्या पेशी निरोप घेऊन पुढे धाडतात. ती वर येईचना. पुन्हा झोत दिला, तारा तपासल्या. दोन्ही डोळ्यांत तीच रेघ.

डॉक्टरांनी निदान केलं: जन्मजात रातांधळेपणा, न वाढणारा. मोठा मायनस नंबर आणि मामाची हकीकत पाहता आईकडून मुलाकडे येणारा प्रकार असावा. जीवनसत्त्व 'अ' कमी पडून होतो तो रातांधळेपणा हा नव्हे. मासे, पपई कितीही खाऊ घातली तरी याने फरक पडत नाही. डाव्या डोळ्यात थोडा आळशीपणा मिसळलेला असेलही, पण पट्टी थांबवली. चष्मा कायम ठेवला आणि शाळेत पहिल्या बाकावर बसवायची चिठ्ठी दिली. नजर आणखी जाणार नाही हे कळल्यावर आईने दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम?"

मामा बाहेर व्हरांड्यात बसला होता. टेम्पो त्याचाच. काळोख पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून तो सारखा घड्याळ बघत होता. मी त्याला भाच्याची रेघ दाखवली, समजावून सांगितली. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

"माका रातचा दिसणा नाय," तो म्हणाला. "ह्या मी ल्हानपणापासून सांगतंय."

पुढच्या मंगळवारी सकाळची पहिली वेळ मी त्याच्यासाठी ठेवली.