‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांतले शिफ्टवाले, जवळच्या दिंडोरी-निफाडचे द्राक्षबागायतदार, पेपरांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षिका. मान आखडलेली, डोकं जड, झोप तुटक आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. पण घ्यायचं नाही म्हणजे करायचं काय?

याचं हाताने करून बघता येईल असं उत्तर शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी दिलं: एकेक स्नायूतला ताण ओळखून तो सैल सोडायला शिका. १९०८ मध्ये हार्वर्डला ते दचकण्याचा अभ्यास करत होते. अंग पुरतं सैल सोडलेला माणूस अचानक आवाजाने नेहमीसारखा दचकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी स्नायूंमधली अतिसूक्ष्म वीज मोजली, पार व्होल्टच्या दहालाखाव्या भागापर्यंत. हात न हलवता ‘हात वाकवतोय’ एवढी कल्पना केली, तरी त्याच हाताच्या स्नायूत वीज दिसायची. चित्र डोळ्यांपुढे आणलं की डोळ्यांचे स्नायू जागे व्हायचे, मनात आकडे मोजले की जिभेचे. म्हणजे काळजी फक्त डोक्यात राहत नाही, त्या वेळी कुठला तरी स्नायू राबत असतो. तो सोडायला शिकलं की काळजीचाही जोर ओसरतो, हे त्यांचं म्हणणं. ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ नावाची ही पद्धत त्यांनी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडली.

आता कृती. जेवून दोन तास झालेले असावेत. सतरंजीवर उताणं झोपा, डोक्याखाली पातळ उशी, गुडघ्यांखाली लोड. पट्टा, घड्याळ, चष्मा काढून ठेवा. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत अंगावर चादर हवीच, कारण थंडीने स्नायू आपोआप आखडतात.

उजवा हात शरीराशेजारी, तळवा जमिनीकडे. कोपर न उचलता फक्त पंजा मनगटातून वर, मागे वाकवा. मनगटाशी जी ओढ जाणवते ती चटकन कळते, पण ती आपल्याला नको आहे. कोपराच्या थोडं खाली, हाताच्या वरच्या बाजूला एक पुसट, बोथट भरल्यासारखी जाणीव असते. तोच ताण. तो सापडेपर्यंत घाई करू नका. सापडला की पंजा एकदम सोडून द्या, हळूहळू खाली ठेवू नका. हळू ठेवणं म्हणजे पुन्हा स्नायू वापरणंच. मग काही मिनिटं काहीही करायचं नाही. जेकबसन एका बैठकीत एवढंच, दोन-तीन वेळा करायला लावत. सगळं शरीर शिकायला महिने जात.

इतका वेळ कोणाकडे नसतो, म्हणून पुढे ही रीत आटोपशीर केली गेली. आज बहुतेक ठिकाणी शिकवतात ती बर्नस्टीन आणि बॉर्कोवेक यांची १९७३ ची मांडणी: १६ स्नायुगट, प्रत्येक ५ ते ७ सेकंद आवळायचा आणि ३०-४० सेकंद सोडायचा. आधी दोन्ही हात, मग कपाळ, डोळे-नाक, जबडा, मान, छाती-खांदे, पोट, शेवटी एकेक पाय. माझं मत विचाराल तर पहिला आठवडा फक्त हात आणि चेहरा करा. मान-खांद्यांच्या तक्रारीत जबडा आणि भुवया हमखास आवळलेल्या असतात आणि लोक नेमके तेच भाग घाईत उरकतात.

बिघडतं ते ठरावीक जागी. पूर्ण ताकदीने आवळलं तर नुसतं दुखतं, बारीक ताण ओळखायची सवय लागत नाही. पाऊल पुढे ताणलं की पोटरीत गोळा येतो, म्हणून बोटं नडगीकडे ओढा. मूठ आवळताना श्वास कोंडू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आणि ‘मी सैल होतोय’ असं स्वतःला बजावत राहू नका, कारण सैल होण्याची खटपट हाही ताणच. मोबाइलवरचे गोड आवाजातले ऑडिओ इथेच फसतात. जेकबसन यांना असल्या सूचना मुळीच नको असत, माणसाने स्वतः जाणवून घ्यावं एवढाच त्यांचा आग्रह.

काहींना सैल सोडल्यावर उलट धडधडतं. त्यांनी उठून खुर्चीत बसावं, डोळे उघडे ठेवून फक्त हात करावेत. मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर तो भाग आवळूच नका. छातीत दुखणं, हाताची ताकद कमी होणं, मुंग्या येणं, यासाठी आधी डॉक्टरांकडे जा.

झोपून जमायला लागलं की दिवसभरातल्या कामात उतरवा. ज्या स्नायूचं काम आहे तोच लावायचा, बाकीचे सोडायचे. द्राक्षघडांची विरळणी करताना हात वर धरायला खांदे लागतात. आवळलेले दात आणि कपाळावरच्या आठ्या लागत नाहीत. द्वारका चौकात गाडी अडकली की हँडलवरची पकड आणि कानांपर्यंत चढलेले खांदे तपासा. डोळे मात्र रस्त्यावरच ठेवा, आणि आडवं पडून करायचा सराव घरीच.