सोनेरी गुरुजी

पालिकेच्या कामाच्या अंदाजपत्रकातली ओळ अशी होती : ‘चौकातील रेलिंग, कमान व पुतळा यांस ऑइल पेंटचे दोन हात देणे.’ दर चौरस मीटरवर. मी जळगावात पुतळे घडवतो आणि जुने दुरुस्तही करतो, त्यामुळे मला हसू आलं नाही. सरकारी दरसूचीत दारं, खिडक्या, ग्रिल, पत्रे अशा सगळ्यांच्या रंगकामाला दर आहे. ब्राँझ साफ करण्याचा दर मला तरी तिच्यात कधी सापडलेला नाही. मग अभियंता पुतळ्याला रेलिंगच्या रांगेत बसवतो, कारण बिल तर निघालं पाहिजे. गंमत म्हणजे नवा पुतळा उभारायचा तर आधी शाडूचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. एकदा उभा राहिला की तो रंगाऱ्याचा.

गावाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं तालुक्याचं गाव, बाजाराच्या तोंडाशी साने गुरुजींचा अर्धपुतळा. २४ डिसेंबरला जयंती. फोन आला, “सर, गुरुजी जरा चमकवून द्या.” मी जाऊन, शिडी लावून, नखाने खरवडून पाहिलं आणि अभियंत्याला म्हणालो, रंग देणार नाही, आहे तो काढणार. त्याने विचारलं, “त्याच रकमेत बसेल ना?” बसेल म्हणालो. आमची कलाविषयक चर्चा एवढीच.

पुतळ्यांना फासतात तो सोनेरी रंग म्हणजे वॉर्निशमध्ये कालवलेली पितळेची पूड. पहिले काही महिने झळकते, मग हवापाणी लागून तपकिरी पडते, म्हणून पुढच्या जयंतीला वरून आणखी एक हात. खाली ब्राँझ असतं. तांब्यात कथील-जस्त मिसळलेला हा धातू उघड्यावर शतकं काढतो, त्याला रंगाची गरजच नाही. उलट रंगाला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं. गुरुजींच्या गळपट्टीत हिरवी भुकटी धरली होती ती त्यामुळेच.

परांची बांधली. पेंट रिमूव्हर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं, म्हणजे तो उडून जात नाही. थर फुगले की बांबूच्या चिपाट्यांनी काढायचे. लोखंडी पत्तीला बंदी. हाताखालच्या पोराच्या खिशातून ती मी स्वतः काढून घेतो. सोनेरी निघाला, खाली तांबूस, पुन्हा सोनेरी, मध्ये एक चक्क चंदेरी, आणि तळाशी रेड ऑक्साइड. ब्राँझला लोखंड समजून, गंज चढू नये म्हणून कुणीतरी प्रायमर मारला होता. अज्ञान खरं, पण काळजीही होती त्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे मोकळे झाले. धातूत बुबुळ रंगवता येत नाही. शिल्पकार तिथे खोल कोरतो आणि आत एक बारीक टिकली उभी ठेवतो. खड्ड्यात सावली साचते ते बुबुळ, टिकलीवर उजेड पडतो ती नजर. रंगाने तो खड्डा बुजला होता. इतकी वर्षं गुरुजी या बाजाराकडे आंधळ्यासारखे पाहत होते. खांद्यावर अंगठ्याने शाडू दाबल्याच्या खुणा निघाल्या, साच्यातून मेणात आणि मेणातून ब्राँझमध्ये जशाच्या तशा उतरलेल्या. ज्याने हे केलं त्याला कुठे हात थांबवायचा ते कळत होतं. आजकाल आमच्यातलेच बरेचजण सगळं गुळगुळीत करत बसतात, मग चेहरा साबणाच्या वडीसारखा दिसतो. गिऱ्हाईकही त्यालाच ‘फिनिशिंग’ म्हणतं.

मूळचा गर्द तपकिरी पॅटिना, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर चढवलेली झाक, बराचसा शाबूत होता. उडालेल्या जागी लिव्हर ऑफ सल्फरचं, म्हणजे ब्राँझ गर्द करणाऱ्या गंधकाच्या रसायनाचं, पाणी दिलं, ब्लोलॅम्पची धग दिली आणि धातू गरम असतानाच मेणाचा हात. फडक्याने घासल्यावर गाल, कपाळ, टोपीची कड, सगळं वेगवेगळं दिसायला लागलं. मी खूष होतो.

परांचीखाली बसणाऱ्या भाजीवाल्या आजीने वर पाहिलं. “काबर रे भाऊ, गुरुजीले काया करी टाका?”

संध्याकाळी जयंती समितीची पोरं आली. सगळी विशीतली, बोलायला नीट. “दादा, जयंतीला गुरुजी काळे कसे चालतील? मिरवणूक इथूनच निघते.” मी चहाच्या टपरीवर त्यांना फैजपूर सांगितलं. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. गुरुजी त्यासाठी राबले होते. तिथली सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं आणि बोसांनी बांबू नि आसपास मिळेल त्या साहित्यात ती उभी केली. अशा कामात घाम गाळलेल्या खादीधारी माणसाला सोनेरी कशाला फासता?

त्यातला एक म्हणाला, “दादा, तुम्ही एकदा येणार आणि जाणार. आम्ही दरवर्षी वर्गणी काढतो, शिडी आणतो, धुतो, रंग देतो. रंग नसता तर वर्षभरात गुरुजींना कुणाचा हात तरी लागला असता का?”

मी चहाचे पैसे दिले.

तेव्हापासून हे डोक्यात फिरतंय. अजिंठ्याच्या चित्रांना १९२० च्या दशकात निजामाने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा, हात दिला, रंग धरून राहावा म्हणून. पुढे तेच पिवळं पडलं आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षं गेली. जाणकारांचं हे, तर वर्गणीवाल्या पोरांना कोणत्या तोंडाने बोलायचं? दुसरीकडे सप्तशृंगी गड. २०२२ मध्ये देवीवरचा शेकडो किलो शेंदूर उतरवला, आतलं मूळ रूप दिसलं आणि चैत्रात खानदेशातून पायी जाणाऱ्यांनी त्याला हात जोडले. म्हणजे लोकांना मूळ रूप चालत नाही असंही नाही. पण तिथे काही काळ दर्शन बंद होतं, विधी झाले, लोकांना ठाऊक होतं काय चाललंय. इथे पालिकेने ना एक फलक लावला, ना समितीला कळवलं. आमच्याकडे पुतळा बसवायला मंडप, भाषणं, आमदार, सगळं असतं. साफ करायला फक्त टेंडर.

२३ तारखेच्या रात्री कुणीतरी स्प्रेचे डबे आणून गुरुजींना पुन्हा सोनेरी केलं. मी व्हॉट्सॲपवर फोटो पाहिला. डोळे पुन्हा सपाट.

पण मेणावर रंग धरत नाही. संक्रांत उलटेपर्यंत कानाजवळून पापुद्रे सुटले, मग गालावरून. अभियंत्याचा फोन आला, आवाज चढलेला. “सर, तुमच्या मेणामुळे रंग टिकेना. नगराध्यक्षांनी बिल थांबवलंय.” मी म्हटलं, मेण चांगलं बसल्याचा याहून मोठा दाखला नाही. त्याला विनोद आवडला नाही. पण त्यानेच नवं अंदाजपत्रक मागितलं, कारण चट्ट्यापट्ट्यांचे गुरुजी ना पालिकेला चालत होते ना पोरांना.

मी त्यात रंगाची बाब घातली नाही. उरलेला रंग काढणे, धुणे, मेण लावणे; आणि शेवटी आणखी एक ओळ : ‘दरवर्षी डिसेंबरात धुण्याचे व मेणाचे काम जयंती समितीच्या मुलांकडून करून घेणे. शिकवण्याचा आकार : शून्य.’ त्या पोरालाही फोन केला. तो म्हणाला, “मेणाने चमकेल ना पण?” घासशील तेवढं चमकेल, म्हटलं.

अभियंत्याचं म्हणणं, शून्य रकमेची बाब कॉम्प्युटर घेत नाही, एक रुपया तरी टाका. टाकला.