शाळा पाडली त भरून कोन देते?

आज सातवीचा तास होता. रोवणीचे दिवस, त्यामुळे पटावर अठ्ठावीस अन् वर्गात अकरा पोरं. नखांत बांधीचा चिखल तसाच घेऊन आलेली एक पोरगी उभी राहिली. रात्री टीव्हीवर बॉम्बनं पडलेली शाळा पाहिली होती तिनं. म्हणाली, "सर, शाळा पाडली त भरून कोन देते जी?"

पुस्तक मिटून ठेवलं. सांगितलं की, सैन्यानं केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी त्या देशावरच येते आणि नुकसानभरपाईही त्यानंच द्यायची, हे युद्धाच्या नियमांच्या १९०७ च्या हेग करारातच लिहून ठेवलंय. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलप्रमाणे (युद्धात सामान्य माणसांना जपणारा जोडकरार) शाळेचा वापर लष्करी कामासाठी होतोय की नाही, अशी शंका असेल तर ती शाळाच धरायची. (आपला देश त्या प्रोटोकॉलमध्ये नाही, हे मला खुपतं.) शाळा लष्करी ठिकाण नसताना तिच्यावर मुद्दाम केलेला हल्ला रोम संविधीनुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर चालतं त्यानुसार, युद्धगुन्हा आहे, पण त्या न्यायालयात खटला माणसावर चालतो, देशावर नाही.

"मंग पैसे देते का खरंच?"

क्वचित, आणि फार उशिरा. काँगोमध्ये केलेल्या नुकसानीसाठी युगांडानं ३२.५ कोटी डॉलर द्यावेत, असा निकाल देशादेशांतले खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०२२ मध्ये दिला. खटला १९९९ चा. तेवीस वर्षं! तोवर तिथली सातवीतली पोरं पस्तिशीला आली.

पोरगी काही बोलली नाही. मागच्या पावसात आपल्याच वर्गाचं छत गळलं, तेव्हा गावानं वर्गणी काढून कवेलू फेरले होते. ती वर त्या कवेलूंकडे बघत बसली.